प्रत्येकाच्या हातचा नाताळ

पनवेल मागं टाकून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं निघालं, की पळस्पे फाट्याच्या पुढं कोन लागतं. जुनं गाव, भाताची खाचरं, आणि अलीकडच्या काळात उभ्या राहिलेल्या उंच इमारती. २०१६ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली, तीत कोनची २,४१७ घरं होती. त्यातलं एक माझ्या सासऱ्यांना लागलं. दादा मूळचे नगर जिल्ह्यातले, प्रोटेस्टंट मंडळीतले. तरुणपणी मुंबईला आले आणि १९८२ चा गिरणी संप होईपर्यंत साचेखात्यात राबले. माझं माहेर वसईचं, कॅथलिक. त्यामुळं आमच्या घरात नाताळच्या दोन रीती नांदतात, आणि दोन्ही सारख्याच हक्कानं.

पूर्वी आमचं गोत भायखळ्याच्या चाळीत जमायचं. आता कोनला जमतं. पुणे, नगर, मुंबई, वसई या सगळ्यांना कोन सोयीचं पडतं हे खरंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे सासूबाई आमच्याकडं आहेत. थोरलं माणूस जिथं, नाताळ तिथं. हे जमणं मी सून म्हणून पाहिलं, जाऊ म्हणून निभावलं, आता सासू म्हणून सांभाळते आहे. या सगळ्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली: ज्या सणात प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही काम येतं, तो सण मोठी माणसं गेल्यावरही चालू राहतो. एकट्या बाईच्या खांद्यावरचा सण तिच्या गुडघ्यांबरोबर थकतो. पुढचं सगळं या एका अनुभवातूनच आलेलं आहे.

१. घर लहान आहे म्हणून कुणाला "येऊ नका" म्हणू नये

आमचं घर ३२० चौरस फुटांचं. नाताळच्या आठवड्यात त्यात चार पिढ्या असतात. दिवाण उभा करून भिंतीला लावतो, टेबल शेजाऱ्यांकडं पाठवतो, मंडपवाल्याकडून गाद्या भाड्यानं आणतो. बायका-मुलं आतल्या खोलीत, म्हातारी माणसं पंख्याखाली, पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत आणि मजल्यावरच्या एखाद्या रिकाम्या घरात. आंघोळीचे नंबर आदल्या रात्रीच लागतात, पाण्याची पिंपं भरून ठेवलेली असतात. एवढं केलं की भागतं.

नाताळची गोष्टच मुळी जागा नसण्याची आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मरिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळत नाही, म्हणून बाळ गव्हाणीत निजवावं लागतं. ही गोष्ट दरवर्षी वाचायची आणि गाद्या कमी आहेत म्हणून चुलतदिराला पुण्यातच राहायला सांगायचं, हे मला जमणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना नगरचं टिळकांचं घर आठवत असेल. तिथं पैशाची चणचण आणि माणसांची वर्दळ एकाच वेळी असायची. बालकवी ठोंबरेही काही काळ त्याच घरात राहिले. घरात किती माणसं मावतात, हे घरच्यांच्या मनावर असतं.

२. नाताळची सुरुवात चार रविवार आधी करावी

चर्चच्या पंचांगात नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. मन तयार करण्याचे हे दिवस. आम्ही ते घर तयार करण्यासाठीही वापरतो. पहिल्या रविवारी फोनाफोनी होते: कोण कधी येणार, किती दिवस राहणार, कुणाला कोणतं पथ्य आहे. दुसऱ्या रविवारी केकचा सुका मेवा चिरून संत्र्याच्या रसात भिजवतो आणि भाजणीची दळणं आणतो. तिसऱ्या रविवारी फराळाला हात लागतो. चौथा रविवार गोठ्याचा.

गोठ्याची एक रीत मी माहेराहून आणली. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी पसरट ताटलीत माती भरायची, तीत रात्रभर भिजवलेली नाचणी दाट पेरायची, वर ओलं फडकं टाकायचं. दोन दिवसांत पांढरे मोड दिसतात, मग फडकं काढून ताटली खिडकीत ठेवायची. रोज हातानं पाणी शिंपडायचं. ओतलं तर दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात. चोवीस तारखेपर्यंत बोटभर उंचीचं, पोपटी रंगाचं, मऊ गवत तयार होतं. तेच गोठ्याभोवतीचं कुरण. हे काम घरातल्या सगळ्यात लहान शाळकरी मुलाकडं असतं. इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरा बैल आणि खरं गाढव उभं करून ख्रिस्तजन्माचा देखावा केला. साध्या माणसांना ती रात्र डोळ्यांनी पाहता यावी, एवढाच त्यांचा हेतू. खिडकीतल्या नाचणीला रोज पाणी घालणारं पोर त्या देखाव्याच्या जितकं जवळ जातं, तितकं विकतचा चकचकीत गोठा मांडून जात नाही.

३. पदार्थ वाटून द्यावेत आणि प्रत्येकाला हाताखाली एक शिकाऊ द्यावा

नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ दिवाळीसारखाच असतो: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, रव्याचे लाडू. माझ्या माहेरचे फुगे आणि कुलकुल त्यात येऊन मिळाले. हे सगळं एका बाईनं करायचं म्हटलं, तर चोवीसच्या रात्री तिला उपासनेला उभं राहायचंही त्राण उरणार नाही. म्हणून आमच्याकडं पदार्थांची मालकी ठरलेली आहे. करंज्या थोरल्या जाऊबाईंच्या. चकल्या पुण्याच्या नणंदेच्या. चिवडा माझ्या मिस्टरांचा. पोहे उन्हात घालण्यापासून डब्यात भरण्यापर्यंत त्यात दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. पुलाव आणि मटण धाकट्या दिरांचं. फुगे माझे.

पण मालकीबरोबर एक अटही आहे. ज्याचा पदार्थ, त्यानं पुढच्या पिढीतलं एक माणूस शेजारी बसवायचं. लिहून ठेवलेल्या कृतीत प्रमाण कळतं, हात कळत नाही. फुग्यांचंच पाहा. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर आणि यीस्ट घालून पीठ भिजवायचं. ते चांगलं फुगून वर यायला हवं. मग ओल्या मुठीत पीठ घेऊन मूठ आवळायची, अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो, तो दुसऱ्या हाताच्या बोटांनी तोडून अलगद तेलात सोडायचा. तेल बेताचं तापलेलं हवं. फार तापलं तर फुगा बाहेरून लाल आणि आत कच्चा. कमी तापलं तर तेल पितो. नीट पडला तर तो तेलात स्वतःच कुशीवर वळतो. हे वळणं माझ्या पुतणीनं माझ्या शेजारी उभं राहून पाहिलं, म्हणून आज तिच्या हातचे फुगे गोल होतात.

कुलकुल हा तर सगळ्यांनी मिळून करायचाच पदार्थ. कडक भिजवलेल्या मैद्याची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबायची आणि अंगठ्यानं गुंडाळत आणायची, की रेघारेघांची शंखासारखी सुरळी होते. मग ती तळून साखरेच्या पाकात घोळवायची. एक किलो मैद्याच्या सुरळ्या वळायला माणसांचं रिंगण लागतं, आणि रिंगण बसलं की गप्पा निघतात. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न ठरत नाही, कुणाचे डोळे आले आहेत, हे सगळं मला त्या परातीभोवतीच कळतं. फोनवर कुणी सांगत नाही ते मैद्यात बोटं गुंतली की सांगतात.

४. मिस्सा आणि उपासना, दोन्हीकडं सगळ्यांनी जावं

चोवीसच्या रात्री कॅथलिक मिस्सा, पंचवीसच्या सकाळी प्रोटेस्टंट उपासना. आमच्याकडं दोन्हीला सगळे जातात. दादांनी ही रीत माझ्या लग्नाच्या वर्षी घातली. "सूनबाईंच्या देवळात आपण जाऊ, आपल्या देवळात त्या येतील," एवढंच ते म्हणाले. त्यावर घरात चर्चा झाली नाही, आणि पुढंही कधी झाली नाही.

रीतींमध्ये फरक असणारच. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा झाल्याची सगळ्यात जुनी नोंद रोममधली, इसवी सन ३३६ ची. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच हा सण करतं. ज्या दिवसाची तारीखसुद्धा जगभर एक नाही, त्याच्या रीतीवरून एका घरात वाद घालण्यात अर्थ नाही. मिस्सेला उभं राहायचं कधी, गुडघे टेकायचे कधी, हे नगरच्या मंडळींना ठाऊक नसतं. शेजारी माझी आई असते, ती हळूच खुणावते. सकाळी वसईकरांना 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं गीत सापडत नाही. जाऊबाई पान काढून देतात. दोन कुटुंबं एकमेकांना ओळखू लागली ती अशा खुणांमधून.

५. गाणी आपल्या भाषेतली असावीत आणि दरवर्षी एक नवं पाठ व्हावं

आमच्या घरी पेटी आहे, तबला आहे, टाळ आहेत. कॅरल म्हणायला आम्ही चोवीसच्या संध्याकाळी इमारतीत फिरतो, तेव्हा आधी मराठी गीतं म्हणतो. इंग्रजी गाणी मुलांना शाळेत, मोबाइलवर, दुकानात ऐकू येतातच. मराठी नाताळगीत घरानं शिकवलं नाही, तर दुसरीकडं कुठं शिकायला मिळणार नाही.

आणि आपल्याकडं तर खजिना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्यानं ओवी छंदात 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली राचोल इथं छापलं गेलं. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओव्यांत सांगितली गेली, त्याला चार शतकं होऊन गेली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवलं, अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची गीतं दिली. 'उपासना संगीता'त त्यांची कितीतरी गीतं आहेत. माझ्या सासूबाई फारशा शिकलेल्या नाहीत, पण टिळकांची पदं त्यांना एकेक करून पाठ आहेत. त्यांचा देव मराठीच बोलतो.

भाषा घरात कशी टिकते, हे पाहायचं तर आपल्याच रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळच्या कोर्लईला जावं. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगतीतून निपजलेली एक बोली अजून बोलली जाते. १७४० साली पोर्तुगीज तिथून गेले. त्याला पावणेतीनशे वर्षं उलटली. बोलणारे लोक हजाराच्या आसपास, शाळा मराठी, बाजार मराठी. तरी आई लेकराशी घरात त्याच बोलीत बोलत राहिली, आणि बोली राहिली. आम्ही एकदा नाताळच्या सुट्टीत सगळी मुलं घेऊन कोर्लईला गेलो होतो. परतताना माझ्या नातवानं गाडीतच विचारलं, "आजी, आपली तशी भाषा कुठली?" माझी आई वसईकडच्या सामवेदी बोलीत गाते ती गाणी त्या वर्षीपासून आम्ही लिहून घ्यायला लागलो.

नवं गीत पाठ करण्याचा नियम सोपा आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सासूबाई एक पद निवडतात. कुणीतरी ते गाऊन मोबाइलवर सगळ्यांना पाठवतं. चोवीसपर्यंत ते लहानथोर सगळ्यांनी पुस्तकाशिवाय म्हणायचं. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री गिटारच्या साथीवर दोन माणसांनी 'सायलेंट नाईट' पहिल्यांदा म्हटलं. जगभर गायलं जाणारं ते गीतसुद्धा एका खेड्यातल्या साध्या साथीवर सुरू झालं. आमच्या पेटीचा एक सूर दबलेला आहे, पण त्यानं काही अडत नाही.

६. शेजाऱ्यांची ताटं घरच्यांच्या आधी भरावीत

आमच्या मजल्यावर साताऱ्याचे आहेत, रत्नागिरीचे आहेत, कोल्हापूरचे आहेत. बहुतेकांच्या घरातलं कुणीतरी गिरणीत होतं. दिवाळीत त्यांच्याकडून आमच्याकडं ताट येतं, नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडं जातं. पंचवीसच्या सकाळी उपासनेहून आल्यावर पहिली ताटं शेजारी जातात, मगच घरात पानं मांडली जातात. मुलांना ताटं घेऊन पाठवावं. दार कुणाचं, काकू कोण, आजोबा कसे आहेत, हे त्यातून त्यांना कळतं.

इथं एक काळजी आम्ही आवर्जून घेतो. ज्या घरी अंडं चालत नाही, त्यांचा फराळ आधी करून वेगळ्या डब्यात ठेवतो. त्यासाठी तेल ताजं, झारा वेगळा, केक बिनअंड्याचा. खाणाऱ्याला शंका घ्यावी लागू नये. प्रेमानं दिलेलं ताट समोरच्याला निश्चिंत मनानं खाता आलं पाहिजे, तरच ते पोचलं.

कॅरलच्या वेळी आकाशकंदील कोण धरणार, यावरून आमच्या मजल्यावरच्या पोरांत चढाओढ लागते. त्यातली निम्मी पोरं गणपतीत आरतीला झांजा वाजवतात. तीच झांज नाताळच्या गीतालाही चालते.

७. सव्वीस तारीख पोपटीची

हा धडा आम्हाला कोननं दिला. पंचवीसला चर्च, पाहुणे, जेवणं यांतच दिवस जातो. सव्वीसला मात्र सगळे रिकामे आणि थोडे सुस्तावलेले असतात. अशा दिवशी माणसं मोबाइल घेऊन कोपरे धरतात. गावातल्या एका आगरी कुटुंबाशी आमची घसट झाली, आणि त्यांनी त्यांच्या खाचरात पोपटी लावायला बोलावलं. तेव्हापासून सव्वीसची संध्याकाळ पोपटीचीच.

रायगडात थंडीला पोपटी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. भातकापणी झाली की ओलीवर वाल पेरतात. नाताळच्या सुमारास त्याच्या कोवळ्या शेंगा यायला लागतात. मातीचं मडकं घ्यायचं, तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी, आणि पुन्हा शेंगांचा थर. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांचं आणि पाल्याचं अंगचं पाणीच पुरतं. मडकं जमिनीवर पालथं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाणी शिंपडायचं. थेंब चर्रकन उडून गेला आणि पाल्याचा उग्र वास सुटला, की पोपटी झाली. शाकाहारी माणसांसाठी दुसरं मडकं नुसत्या शेंगा-कंदांचं लागतं.

पोपटीत सगळ्यांना काम असतं. मुलं पाला खुडतात, बायका शेंगा निवडतात, पुरुष जाळ सांभाळतात, म्हातारी माणसं "अजून थोडं" किंवा "आता पुरे" सांगतात. पलीकडं प्रबळगड काळोखात बुडत जातो, खाचरातून गारवा चढतो, सगळे आगीभोवती सरकून बसतात. वसईचा माझा भाऊ आणि नगरचे चुलतदीर एरवी एकमेकांशी जेमतेम बोलणारे. एका मडक्यातल्या शेंगा सोलता सोलता त्यांची शेतीवरची बोलणी रात्रीपर्यंत चालतात. बेथलेहेमच्या मेंढपाळांनाही ती बातमी रात्री, उघड्या रानातच मिळाली होती. सणाचा एक तरी भाग घराबाहेर, मातीवर बसून व्हावा, असं मला फार वाटतं.

८. पैशाचं बोलणं आधी आणि उघड करावं

माणसं सणाला येईनाशी होतात, त्यामागं पुष्कळदा पैसा असतो. कुणाला भेटवस्तू परवडत नाहीत, कुणाला प्रवास. म्हणून आमच्याकडं दोन नियम आहेत. एक, आगमनकाळात चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल त्या एकालाच भेट द्यायची, ठरलेल्या छोट्या रकमेच्या आत. दुसरा, स्वयंपाकघरात एक डबा ठेवायचा. ज्याला जमेल तेवढं त्यानं त्यात टाकायचं, नाव नाही, हिशेब नाही. डब्यात कमी पडलं तर पुलावात मटण कमी पडेल, माणूस कमी पडता कामा नये.

९. प्रवास जेवढा साधा, तेवढी माणसं जास्त येतात

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की सगळा महाराष्ट्र रस्त्यावर असतो. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. म्हणून पुणे-नगरकरांना बावीस-तेवीसलाच निघायला सांगतो, तेही पहाटे. वसईकरांसाठी वसई रोडहून दिव्यामार्गे पनवेलला येणारी मेमू सगळ्यात बरी. पनवेल स्टेशनावर किंवा एसटी स्टँडवर घ्यायला घरचं माणूस गेलंच पाहिजे. रिक्षा मिळते हो, पण उतरल्या उतरल्या ओळखीचा चेहरा दिसला, की पाहुण्याचा सण तिथंच सुरू होतो.

१०. गेलेल्यांची नावं मोठ्यानं घ्यावीत

दादा कोनच्या या घरात राहायला येऊ शकले नाहीत. त्याआधीच गेले. ते गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळला सगळे त्यांचं नाव काढायला कचरत होते. आईंना त्रास होईल, असं प्रत्येकाला वाटत होतं. जेवणाआधीच्या प्रार्थनेत सासूबाईंनी स्वतःच त्यांचं नाव घेतलं, मग त्यांच्या सासूचं, मग माझ्या वडिलांचं. खोलीतला ताण उतरला आणि लोक बोलू लागले. दादा साच्याच्या खडखडाटातही गीत कसं गुणगुणत, दर नाताळला लेंग्याची इस्त्री स्वतः कशी करत, हे नातवंडांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून पंचवीसच्या जेवणाआधी नावं घेतली जातात. प्रत्येकानं एक नाव घ्यायचं आणि त्या माणसाची एक गोष्ट सांगायची. दारावरचा तारा लावण्याचं काम दादांचं असायचं. ते आता थोरल्या नातवाकडं आहे. बांबूच्या कामट्या, जिलेटिनचा कागद, खळ. विकतचा आणत नाही. माणूस गेलं तर त्याचं काम रिकामं ठेवू नये. ते कुणाच्या तरी हातात द्यावं, म्हणजे त्याची आठवण रोजच्या वापरात राहते.

११. मुलांना शोभेची नव्हे, खरी कामं द्यावीत

मुलांकडून नाच-गाणी करून घेणं सगळ्याच घरांत होतं. त्यापेक्षा त्यांना असं काम द्यावं, की ते झालं नाही तर सणात खरोखर काही कमी पडेल. आमच्याकडं चोवीसला घरातला शास्त्रपाठ नववी-दहावीतली मुलं वाचतात. पंडिता रमाबाईंनी बायकांना आणि साध्या माणसांना कळावं म्हणून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. तो हेतू सांगूनच आम्ही मुलांना सांगतो: भरभर वाचायचं नाही, आजीला कळेल असं वाचायचं. एकतीसला तीच पोरं जुन्या कपड्यांत पेंढा भरून सरत्या वर्षाचा म्हातारा करतात, आणि मोठी माणसं वर्ष सरण्याच्या उपासनेला जातात. म्हातारा कुठं जाळायचा, पाण्याची बादली कुणी धरायची, हेही मुलंच ठरवतात. मोठ्यांनी फक्त लांबून लक्ष ठेवावं.

१२. सण संपताना पुढच्या वर्षीची कामं वाटावीत

६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, आम्ही तारा उतरवतो. तोवर बहुतेक पाहुणे परतलेले असतात, म्हणून त्या संध्याकाळी सगळ्यांना फोन लावून पुढच्या वर्षीची कामं ठरवतो. कुणाचे हात दुखतात, कुणाचा पदार्थ आता शिकाऊकडं जायला हवा, घरात नवी सून आली आहे तर तिच्या माहेरचं काय करायचं, हे सगळं तेव्हाच बोलून होतं. गेल्या खेपेला जाऊबाईंनी करंज्यांचं काम लेकीच्या स्वाधीन केलं. पहिल्या घाण्यातल्या निम्म्या करंज्या तेलात उकलल्या, तरी जाऊबाई जागच्या उठल्या नाहीत. "कडा ओल्या बोटानं दाब," एवढं सांगून बसून राहिल्या. दुसरा घाणा नीट उतरला. ते बसून राहणं हेही मोठ्या माणसांचं कामच आहे, आणि सगळ्यात अवघड आहे.

तुमचा सण कोणताही असो, घरातल्या थोरल्या माणसाचा एखादा पदार्थ, एखादं गीत, एखादी रीत अजून कुणी हाती घेतलेली नसेल, तर ती यंदाच घ्या. त्यांच्या शेजारी बसा, त्यांच्या देखत करा, बिघडलं तरी त्यांच्याच देखत बिघडू द्या. आमच्या घरचा नाताळ आजवर तसाच एका हातातून दुसऱ्या हातात आला आहे.